द्राक्षांच्या देशांतून मुंबईस

चाकूरकडील मनुष्याची मुंबईची वाट ठरलेली आहे. लातूर, बार्शी, टेंभुर्णी, पुणें, आणि तेथून बोरघाट उतरून मुंबई. निजामी अंमलांतही दिशा हीच होती. १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वेचे अरुंद रूळ लातूरपर्यंत आले, आणि तेव्हांपासून कुर्डुवाडीस गाडी बदलावयाची व बोरघाटानेंच खालीं उतरावयाचें, असा परिपाठ पडला. त्यामुळें सह्याद्रि ओलांडण्याची जी दुसरी मोठी वाट, म्हणजे थळघाट, ज्याला आज सर्व लोक कसारा घाट म्हणतात, त्याची ओळख या बाजूच्या लोकांस बहुधा त्र्यंबकेश्वराच्या यात्रेनें होते. एखादें कुटुंब त्र्यंबकास जातें, ब्रह्मगिरीचें दर्शन घेतें, विधि उरकतें. आणि कोणी मुलगा किंवा भाऊ ठाण्या-मुंबईकडे नोकरीस असतो, म्हणून माघारीं न फिरतां तसेंच खालीं जाण्याचा बेत करतें. बेत एका दिवसाचा असतो. सकाळीं नाशिक सोडावें, वाटेंत द्राक्षांचे मळे पाहावे, हौशी मंडळी असल्यास एखाद्या मद्यशाळेंत डोकवावें, आणि दिवेलागणीच्या आंत मुंबई गांठावी. अंतर अवघें १७० किलोमीटरांच्या आसपास. गणित सोपें दिसतें.

परंतु या वाटेचा इतिहास जवळजवळ दोन हजार वर्षांचा आहे, आणि एवढ्या काळांत ती नुसत्या अंतराच्या हिशेबानें कधींच चालली नाहीं. प्रवासाचा वेळ ठरविला तो मधल्या घाटानें, आणि पुष्कळदां घाटापेक्षांही घाटाखालच्या दारानें.

नाशिकच्या दक्षिणेस त्रिरश्मि डोंगरावर पांडवलेणीं आहेत. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात यानें इसवी सनाच्या दुसर्‍या शतकाच्या आरंभीं आपल्या दानधर्माची यादी तेथील एका लेण्यांत कोरविली. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणीं त्यानें चौसोपी धर्मशाळा बांधविल्या. विहिरी, तलाव व बागा केल्या. पार, दमण, तापी, डहाणू इत्यादि नद्यांवर प्रवाशांस फुकट पलीकडे नेणार्‍या नावा ठेविल्या, आणि त्यांच्या दोन्ही कांठांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया घातल्या. या चार नांवांपैकीं शेवटचीं दोन आपल्या विषयाचीं आहेत. गोवर्धन म्हणजे नाशिकचा प्रांत. त्या नांवाचें गांव गंगापूरच्या रस्त्याकडे आजही आहे, आणि ज्या मद्यशाळा पाहण्यास मुंबईकर आज धांव घेतात त्यांतील सर्वांत प्रसिद्ध अशी याच गोवर्धनच्या शिवारांत आहे. शूर्पारक म्हणजे वसईजवळचें सोपारें. मुंबई शहर त्या काळीं नव्हतें. समुद्राचें दार सोपार्‍यास आणि कल्याणास होतें. तेव्हां आजच्या प्रवाशाच्या बेताचीं जीं दोन टोकें, त्यांच्याच आसपास एकोणीसशे वर्षांपूर्वीं एका राजपुरुषानें मुक्कामाची सोय करून ठेविली होती. हा पल्ला एका दिवसांत गांठण्याची कल्पना त्या काळीं कोणाच्या मनांत आली नसावी.

गोवर्धन हें कांहीं आडवळणाचें खेडें नव्हतें. त्याच लेण्यांतील दुसर्‍या एका लेखावरून असें दिसतें कीं, तेथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे उषवदातानें तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेविले. दोन हजार दरमहा शेंकडा एक या दरानें आणि एक हजार शेंकडा पाऊण या दरानें. व्याजांतून भिक्षूंना वस्त्रें मिळावयाचीं. (या व्याजाचा दर मराठवाड्यांतील कुळांना अगदीं अलीकडेपर्यंत स्वस्तच वाटला असता.) ज्या गांवच्या विणकरांवर राजघराण्यांतील माणूस एवढा विश्वास टाकतो, त्या गांवचा माल समुद्राकडे जात असला पाहिजे, आणि समुद्राचा माल त्या गांवांत येत असला पाहिजे.

समुद्रावरून येणार्‍या मालांत द्राक्षमद्य होतें. आज तें नाशिकहून मुंबईकडे उतरतें. त्या काळीं तें किनार्‍यावरून वर देशावर चढत असे. पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक दर्यावर्द्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची जी माहिती लिहून ठेविली, ती 'पेरिप्लस' या नांवानें प्रसिद्ध आहे. भडोचच्या बंदरांत उतरणार्‍या मालाची यादी देतांना तो मद्यापासूनच आरंभ करतो, आणि त्यांतही इटलीच्या मद्याला मागणी अधिक, असें सांगतो. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेकडे दहा दिवसांवर तगर, हीं दोन मोठीं पेठांचीं शहरें. तेथील माल रस्ता नसलेल्या मोठ्या प्रदेशांतून गाड्यांनीं आणतात, असेंही त्यानें नोंदविलें आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर. चाकूरहून तें फार लांब नाहीं. तेथील उत्खननांत रोमी व्यापाराच्या खुणा सांपडल्या आहेत, आणि त्यांत भूमध्य समुद्राकडील मद्यकुंभांचीं खापरेंही आहेत. म्हणजे द्राक्षांच्या मद्याची बैलगाडी या बाजूला अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वींच येऊन गेलेली आहे.

आतां नकाशा डोळ्यांसमोर आणिला तर एक प्रश्न पडतो. पैठण आणि नाशिक यांना कल्याण जवळ. मग भडोचचा वीस दिवसांचा वळसा कशासाठीं? त्याचें उत्तर त्याच पुस्तकांत आहे. कल्याण हें पूर्वीं उघडें बंदर होतें. पुढें तें दुसर्‍या सत्ताधीशाच्या हातीं गेलें, आणि तेथें चुकून येणार्‍या ग्रीक जहाजांना पहारा देऊन भडोचकडे नेण्यांत येऊं लागलें. घाट तोच होता, बैल तेच होते, वाटही ठाऊक होती. खालचें दार बंद झाल्याबरोबर जवळची वाट दूरची झाली. हा प्रसंग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे, कारण या वाटेच्या इतिहासांत तो निरनिराळ्या रूपांनीं पुन्हां पुन्हां येतो.

मधल्या शतकांविषयीं थोडक्यांत सांगितलें तरी पुरे. मराठवाड्यांत ज्यांचे तांडे आजही सर्वांस ठाऊक आहेत त्या लमाणांच्या बैलांवर हा सारा व्यापार चाले. कोंकणांतून मीठ वर यावें, देशावरून धान्य व कापूस खालीं जावा. लादलेला बैल किंवा भरलेली गाडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटरांहून अधिक चालत नसे. त्या हिशेबानें नाशिकहून समुद्रापर्यंत आठवडा लागे, आणि पावसाळ्यांत वाट जवळजवळ बंदच होई. इंग्रजी अंमल आल्यावर घाटाची वाट चाकाच्या गाडीस जाण्याजोगी करण्यांत आली आणि आग्र्याकडील मोठा रस्ता तिच्यावरून नेण्यांत आला. तरीही वर्‍हाड-खानदेशचा कापूस मुंबईस पोहोंचेपर्यंत धुळीनें माखे आणि वळवानें भिजे. लँकशायरचे गिरणीवाले याच कापसासाठीं हिंदुस्थानांत लोहमार्ग घालण्याचा आग्रह धरून बसले होते. थळघाटांत रूळ पडले ते मुख्यतः या कापसासाठीं. माणसांची सोय ओघानें झाली.

बोरीबंदर ते ठाणें ही पहिली आगगाडी १८५३ च्या १६ एप्रिलला धांवली, हें शाळेंतील मुलांसही पाठ असतें. पुढचें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. १८५४ त गाडी कल्याणास आली, १८५५ त वासिंदला, आणि १८६१ च्या १ जानेवारीस कसार्‍यास. तेथें सह्याद्रीनें तिला अडविलें. कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग अवघा दहाएक मैलांचा. पण तो खुला होण्यास १८६५ चा १ जानेवारी उजाडावा लागला. ठाण्याहून कसार्‍यापर्यंतचे पन्नासांहून अधिक मैल आठ वर्षांत, आणि पुढचे दहा मैल चार वर्षांत. तेवढा काळ आगगाडी घाटाच्या पायथ्याशीं येऊन थांबे, आणि पुढची वाट पुन्हां बैलांची व पायांची. घाटाचें मोल मोजावयाचें असेल तर याहून चांगलें माप नाहीं.

दोन्ही घाटांची पाहणी करून मार्ग आंखला तो कंपनीचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले यानें. थळघाटांत सुमारे नऊ मैलांत ९७२ फूट चढावयाचें होतें. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस एक फूट असा आहे. त्यासाठीं बोगदे खोदले, दर्‍यांवर पूल घातले. त्यांतला एहेगांवचा पूल दरीच्या तळापासून पावणेदोनशे फुटांहून अधिक उंच होता. एका ठिकाणीं वळण घेण्यास डोंगरानें जागाच दिली नाहीं; तेथें गाडी थांबवून इंजिन दुसर्‍या टोकाला लावीत आणि ती उलट्या तोंडानें पुढें चढे. काम करणारे मजूर कोंकणचे आणि देशावरचे. दोन्ही घाटांच्या कामांवर पटकीनें व हिंवतापानें हजारों माणसें मेलीं. बर्कलेची प्रकृति ढांसळून तो १८६१ सालीं विलायतेस परतला आणि दुसर्‍याच वर्षीं वारला. इगतपुरीस गाडी चढलेली त्यानें पाहिली नाहीं. बर्कलेचें नांव ग्रंथांत आहे. सुरुंगाखालीं आणि पटकीनें गेलेल्यांचीं नांवें ग्रंथांत नाहींत.

१९३० सालीं कल्याणहून इगतपुरीपर्यंत विजेचीं इंजिनें आलीं. त्यानंतरही घाट घाटच राहिला. बहुतेक गाड्यांना कसार्‍यास मागून जादा इंजिनें जोडून वर ढकलावें लागे, आणि ही रीत अद्याप सुटलेली नाहीं. तथापि नाशिकचा मनुष्य सकाळीं निघून मुंबईचें काम उरकून रात्रीं घरीं परत येऊं लागला तो रेल्वेमुळेंच. १९७५ सालीं सुरू झालेली पंचवटी एक्सप्रेस ही अशा लोकांची गाडी. तिच्यांतले पासवाले प्रवासी वर्षानुवर्षें एकत्र जाऊन-येऊन एका कुटुंबासारखे झाले. 'एका दिवसांत नाशिक-मुंबई' हा शब्दप्रयोग सामान्य माणसाच्या तोंडीं रुळविण्याचें श्रेय या गाडीला दिलें पाहिजे.

द्राक्षांचा इतिहास त्या मानानें अलीकडचा आहे. नाशिकजवळ ओझर येथें रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनीं १९२५ सालीं द्राक्षांची लागवड केली, आणि तेथून निफाड, दिंडोरी, पिंपळगांव बसवंत या बाजूला हें पीक पसरलें. द्राक्ष हें फळ मोठें नाजूक. ज्वारीचें पोतें दहा दिवस वाटेंत राहिलें तरी बिघडत नाहीं. द्राक्षाची पेटी उन्हांत एक दिवस अधिक राहिली कीं मणी देंठापासून सुटूं लागतात. म्हणून या पिकाला मुंबईसारखी मोठी पेठ एका रात्रीच्या टप्प्यांत असणें आवश्यक होतें, आणि ती होती. भाजीपाल्याचेंही तेंच. नाशिकला मुंबईची परसबाग म्हणतात तें यामुळें. दुपारपर्यंत माल खुडावा, सायंकाळीं ट्रक भरावा, रात्रीं घाट उतरावा आणि पहांटेच्या लिलावाआधीं भायखळ्यास किंवा क्रॉफर्ड मार्केटांत पोहोंचावें. १९९६ सालीं हे बाजार वाशीस गेल्यावर वाशीस पोहोंचावें. घाटांत एखादी गाडी आडवी झाली आणि तीन तास गेले, तर लिलाव टळतो व त्या दिवसाचा भाव हातचा जातो. मुंबईकर सहलवाल्याचे तीन तास गेले तर तो वैतागतो. भाजीवाल्याचे तीन तास गेले तर पिकाचा खर्च अंगावर येतो. एकाच वाटेवरच्या दोघांचें घड्याळ इतकें निराळें असतें.

खाण्याच्या द्राक्षांपाठोपाठ मद्याचीं द्राक्षें आलीं. महाराष्ट्रांत या धंद्याचा मोठा प्रयत्न प्रथम झाला तो १९८० नंतरच्या दशकांत, पुणें-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगांवास. नाशिकच्या बाजूस राजीव सामंत यांनीं १९९७ च्या सुमारास मद्याच्या जातींचीं द्राक्षें लाविलीं आणि 'सुला' या नांवानें २००० सालीं पहिली वाइन बाजारांत आणिली. २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें, उत्पादनशुल्कांत सूट दिली, आणि नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें या धंद्यासाठीं वसाहती ठरविल्या. पुढें 'नाशिक व्हॅली वाइन' या नांवास भौगोलिक मानांकन मिळालें. मद्य वाईट कीं बरें, हा वाद येथें नको. २०२२ च्या जानेवारींत मोठ्या दुकानांतून वाइन विकूं देण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय झाला तेव्हां तो वाद महाराष्ट्रानें भरपूर केला. इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट एवढीच कीं, जो रस्ता आजवर मुंबईचें पोट भरण्यासाठीं खालीं वाहत होता, त्यावर आतां मुंबईचीं माणसें मौजेसाठीं वर येऊं लागलीं. शनिवारीं वर, रविवारीं खालीं. आणि पुष्कळजण सकाळीं वर, रात्रीं खालीं.

रस्ताही मग त्या मानानें वाढवावा लागला. पूर्वींचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३, म्हणजे मुंबई-आग्रा रस्ता, भिवंडीजवळच्या वडप्यापासून इगतपुरीपलीकडच्या गोंद्यापर्यंत सुमारे शंभर किलोमीटर चौपदरी झाला. हें काम २०१० च्या सुमारास पुरें झालें. कसार्‍यांत चढण्याची वाट वेगळी आणि उतरण्याची वेगळी झाली. यामुळें समोरासमोरच्या टकरा कमी झाल्या. पण लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होणार्‍या मालमोटारी, पावसाळ्यांत सुटणार्‍या दरडी आणि इगतपुरीचें दाट धुकें हीं तिन्ही संकटें जेथल्या तेथें राहिलीं.

या चौपदरी रस्त्यावरून २०१८ च्या मार्चांत एक निराळीच यात्रा उतरली. ६ मार्चला नाशिकहून शेतकरी व आदिवासी स्त्रीपुरुष किसान सभेच्या लाल निशाणाखालीं पायीं निघाले. वनजमिनीचा हक्क आणि कर्जमाफी या त्यांच्या मागण्या. कसारा उतरून, शहापूर, भिवंडी, ठाणें करीत सुमारे १८० किलोमीटर चालून ते १२ मार्चला पहांटे आझाद मैदानावर पोहोंचले. दहावीची परीक्षा चालू होती, आणि दिवसा शहरांतून चाललों तर मुलांना वेळेवर पोहोंचतां येणार नाहीं, म्हणून शेवटचा टप्पा त्यांनीं रात्रीं चालून काढला. मोटारी तीन-चार तासांत जी वाट कापीत होत्या, तिला या लोकांना सहा दिवस लागले. लमाणांच्या बैलांनाही साधारण तेवढेच लागत. अनेकांचे पाय रक्ताळले होते. इतक्या दिवसांच्या चालीनंतर दुसर्‍याच्या मुलाच्या परीक्षेची वेळ सांभाळण्यासाठीं रात्रीची झोप सोडणें, ही गोष्ट या वाटेच्या इतिहासांत नोंदवून ठेवण्याच्या योग्यतेची आहे.

यानंतरचा फेरबदल मोठा आहे. नागपूरहून ठाणें जिल्ह्यांतील आमण्यापर्यंतचा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग टप्प्याटप्प्यानें खुला झाला: नागपूर ते शिर्डी २०२२ च्या डिसेंबरांत, शिर्डी ते भरवीर २०२३ च्या मे महिन्यांत, भरवीर ते इगतपुरी २०२४ च्या मार्चांत, आणि इगतपुरी ते आमणें हा शेवटचा ७६ किलोमीटरांचा टप्पा २०२५ च्या ५ जूनला. मराठवाड्यांतून तो जालना व छत्रपति संभाजीनगर या जिल्ह्यांनीं जातो. लातूर व नांदेड त्याच्या वाटेंत नाहींत, आणि जालन्याहून नांदेडकडे फांटा काढण्याच्या योजनेस सरकारनें मंजुरी दिलेली आहे. शेवटच्या टप्प्यांत पौणेआठ किलोमीटरांहून किंचित् अधिक लांबीचे जुळे बोगदे आहेत. ज्या सह्याद्रीनें आगगाडीला चार वर्षें पायथ्याशीं बसवून ठेविलें, त्याच्या पोटांतून मोटार आतां कांहीं मिनिटांत बाहेर पडते.

याही वेळीं मोल दिलें गेलें. २०२३ च्या ३१ जुलैच्या मध्यरात्रीं शहापूर तालुक्यांतील सरळांबे येथें पुलाच्या तुळया उचलून बसविणारें अवजड यंत्र कोसळलें आणि २० माणसें ठार झालीं. पुष्कळसे मजूर व कारागीर परप्रांतांतून पोटासाठीं आलेले होते. वर्तमानपत्रांत त्यांचीं नांवें आलीं. १८६१ पेक्षां एवढा फरक खरा. पुलावरून ताशी शंभरच्या वेगानें जाणार्‍या मोटारीस सरळांबें केव्हां आलें आणि केव्हां गेलें हें कळतही नाहीं.

घाट असा हरला, तरी एका दिवसाच्या बेतांतला अनिश्चितपणा गेला नाहीं. तो घाटांतून निघून खालीं उतरला. आमण्यास समृद्धि संपते आणि सारी वाहनें पुन्हां जुन्या रस्त्याला येऊन मिळतात. वडपें ते ठाण्याचा माजिवडा हा चोवीसएक किलोमीटरांचा रस्ता आठपदरी करण्याचें काम २०२५ च्या पावसाळ्यांत चालूच होतें. खड्डे, गोदामांकडे वळणार्‍या मालमोटारी आणि कल्याण फाट्याची कोंडी यांमुळें, इगतपुरीहून पाऊण-एक तासांत खालीं आलेला प्रवासी या चोवीस किलोमीटरांत कधीं कधीं त्याहून अधिक वेळ अडकून पडे. पेरिप्लसच्या काळीं कल्याणचें दार एका सत्ताधीशानें अडविलें होतें. आज त्याच टापूंत तें वाहनांच्या गर्दीनें अडतें. बोगद्यांत वांचलेला वेळ भिवंडीस खर्ची पडतो.

तेव्हां चाकूरकडील जें कुटुंब त्र्यंबकाहून थेट मुंबईस उतरण्याचा बेत करील, त्यानें नाशिक किती वाजतां सोडावयाचें हें आधीं न ठरवितां, ठाण्याच्या अलीकडचा टापू किती वाजतां ओलांडावयाचा हें ठरवावें आणि मागें मोजीत यावें. दुपारच्या वेळीं तेथें पोहोंचलें तर बरें. सायंकाळच्या गर्दींत सांपडलें तर दिवेलागणीचा बेत मध्यरात्रींवर जातो. मद्यशाळा पाहावयाची असेल तर ती सकाळच्या प्रहरीं, आणि गाडी हांकणारानें पेल्यास हात लावतां कामा नये. शंभर मिलिलिटर रक्तांत तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क सांपडला तर मोटारवाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाखालीं पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही आहेत. द्राक्षें पाहावयाचीं तर जानेवारी ते मार्च हा काळ. मळे तेव्हां फळांनीं भरलेले असतात आणि घाटही कोरडा असतो. जुलै-ऑगस्टांत बोगदा जरी सुरक्षित नेईल, तरी त्याच्या दोन्ही तोंडांशीं पाऊस व धुकें यांचें राज्य असतें.

जुना घाट ओस पडला आहे असें मात्र कोणी समजूं नये. दुचाक्या, तीनचाकी गाड्या, ट्रॅक्टर आणि पायीं चालणारे यांना समृद्धीवर मज्जाव आहे. त्यांची वाट अद्याप कसार्‍यानेंच जाते. रामनवमीच्या आधीं मुंबईकडून शिर्डीस निघालेल्या साईबाबांच्या पालख्या याच रस्त्यानें वर येतात, आणि त्या चढणीवर असेपर्यंत त्यांच्या मागून येणार्‍या मोटारींना घाटांत माणसाच्या चालीनें चढावें लागतें.